पहिला घाणा

चकलीचा पहिला घाणा साधत नाही, हे ज्या घरात दिवाळीचा फराळ होतो त्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. तेल एक तर कमी तापलेले असते, नाही तर जास्त. मोहन जास्त पडले असेल तर चकली कढईत सोडताच तिचा भुगा होतो. मग करणारी बाई जराशी थांबते, आच कमीजास्त करते, भाजणी पुन्हा मळते, आणि दुसऱ्या घाण्यापासून हात बसतो. पण या पहिल्या घाण्याचे पुढे काय होते? तो देवापुढे ठेवीत नाहीत. पाहुण्यांपुढे तर नाहीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात घुटमळणारी पोरे त्यातला थोडा संपवतात आणि उरलेला कागदात बांधून मोलकरणीच्या हाती जातो. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बिघडला तरी चविष्टच असतो, असे आपण म्हणतो. मोलकरीणही तसेच म्हणते.

प्रत्येक विद्येचा असा एक पहिला घाणा असतो. सुतार लाकूड बिघडवून शिकतो, शिंपी कापड बिघडवून शिकतो, लेखक कागद बिघडवून शिकतो आणि पुष्कळदा शिकल्यावरही बिघडवीत राहतो. लाकूड, कापड, कागद यांची हानी पैशात मोजता येते. पण ज्या विद्येचे लाकूडच माणूस आहे, तिचा पहिला घाणा कोणाच्या वाट्याला जातो? जगात आज जितके म्हणून निष्णात प्रसूतितज्ज्ञ आहेत, त्यांतल्या प्रत्येकाने कधीतरी आयुष्यातले पहिले बाळंतपण केलेले आहे. त्या क्षणी खाटेवर कोणीतरी बाई होती. ती कोण होती?

तिचे नाव आपल्याला कळायचे नाही. पण ती कोठे होती हे सांगता येते. ती विद्यापीठाला जोडलेल्या एखाद्या मोठ्या इस्पितळात, जेथे पैसे पडत नाहीत अशा खोलीत, ओळीने मांडलेल्या खाटांपैकी एकीवर होती. आणि ती गरीब होती. बालरोगांची गोष्ट तर याहून अवघड. बाईला निदान कळत तरी असते. तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या पोराला आपल्या छातीवर एकामागून एक सहा नळ्या का टेकवल्या जात आहेत, हे कोण समजावणार?

हा प्रश्न आजचा नाही. व्हिएन्ना शहरात १७८४ साली मोठे सार्वजनिक इस्पितळ उघडले. तेथल्या प्रसूतिगृहात गरीब आणि बहुधा अविवाहित बायकांना फुकट प्रवेश मिळे. सौदा उघड होता: आम्ही तुझे बाळंतपण करतो, तू आमच्या विद्यार्थ्यांना शिकू दे. १८४० च्या सुमारास या प्रसूतिगृहाचे दोन विभाग ठरून गेले. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. दाखल करून घेण्याचे दिवस पाळीने ठरलेले असत. आज पहिला विभाग, उद्या दुसरा. कोणत्या विभागात जायचे हे बाईच्या इच्छेवर नव्हे, तर कळा कोणत्या दिवशी सुरू होतात त्यावर ठरे. आणि १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात शेकडा सुमारे १० बाळंतिणी मेल्या, दुसऱ्या विभागात शेकडा ४ सुद्धा नाहीत.

प्राध्यापकांनी याची नाना कारणे शोधली. हवा वाईट, गर्दी जास्त, बायकांची भीती जास्त. मात्र त्या बायकांना स्वतःला कारण ठाऊक नसले तरी वस्तुस्थिती पक्की ठाऊक होती. पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळले की त्या गुडघे टेकून, हात जोडून, परत जाऊ द्या म्हणून विनवीत. काही जणी रस्त्यातच बाळंत होत आणि मग इस्पितळात येत. आश्चर्य हे की रस्त्यात बाळंत झालेल्या या बायका प्रसूतिज्वराने क्वचित् मरत! विद्वानांच्या हातापेक्षा रस्ता बरा, हा निष्कर्ष त्या अशिक्षित बायकांनी विद्वानांच्या आधी काढला होता.

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर १८४६ साली पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून आला. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा एक स्नेही प्राध्यापक, शवविच्छेदन करीत असता विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून, मरण पावला. त्याच्या देहात ज्या खुणा सापडल्या त्या प्रसूतिज्वराने मेलेल्या बायकांच्या देहातल्या खुणांसारख्याच होत्या. सेमेलवाइसला उमगले. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते फाडीत आणि तेथून तडक बाळंतिणींना तपासायला येत. मृत्यू हवेत नव्हता, त्यांच्या हातांना चिकटून येत होता. सुइणी प्रेते फाडीत नसत. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ बाळंतिणी मेल्या होत्या. जूनमध्ये २, जुलैमध्ये १. पुढच्या वर्षी दोन महिने असे गेले की पहिल्या विभागात एकही बाळंतीण दगावली नाही.

ही कथा बहुधा उपेक्षित संशोधकाची करुणकथा म्हणून सांगतात. तो वेड्यांच्या रुग्णालयात १८६५ साली वयाच्या ४७ व्या वर्षी वारला, तेव्हा ती करुण आहेच. पण मला तिच्यात दुसरेच काही दिसते. प्रथम वाटते, शिकाऊ हातांनी मारले. नीट पाहिले तर तसे नाही. दुसऱ्या विभागातले हातही शिकाऊच होते; सुइणीही तेथे शिकतच होत्या. मारक ठरला तो शिकाऊपणा नव्हे. आपला हात मळका असू शकतो ही गोष्टच ज्यांना सहन होईना, त्या शिकलेल्यांचा ताठा मारक ठरला. आणि दुसरे असे, की ही गोष्ट उघडकीस आली ती त्याच शिकवणाऱ्या संस्थेत. तेथे दोन विभाग होते, वह्या होत्या, प्रत्येक मृत्यूची नोंद होती. त्याच शहरात घरोघर सुइणीच्या आणि डॉक्टरच्या हातून मेलेल्या बायकांची कोणी टक्केवारी काढली नाही. जेथे शिकवतात तेथे मोजतात, आणि जेथे मोजतात तेथे कधी ना कधी चूक पकडली जाते. गरीब बाईला या गोष्टीचा लाभ होतो. फक्त त्याआधी किती जणींनी मरायचे हे कोणी ठरवलेले नसते.

आपल्याकडे फार काळ या प्रश्नाला जागाच नव्हती, कारण इस्पितळच नव्हते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्यातून त्यांनी डॉक्टर होण्याचे मनावर घेतले, हे आपण सारे शाळेत वाचतो. त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १८८६ साली पदवीधर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायकामुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. आनंदीबाई पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांच्या चरित्रातली जिद्द, सोसणे, नवऱ्याचा विक्षिप्तपणा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे मन मात्र भलतीकडेच जाते. नऊवारी नेसणारी ही परदेशी मुलगी ज्यांच्या नाडीवर बोटे ठेवून शिकली असेल, त्या अमेरिकेतल्या बायका कोण? त्यांनाही कोणी विचारले नसणार.

मग परळ. १९२६ साली तेथे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. त्याच वर्षी शेजारी केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले. १९२९ साली मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आले. सभोवती गिरण्यांचे भोंगे आणि दहा बाय दहाच्या खोल्यांतून राहणारी कामकरी माणसे. त्या बायकांची बाळंतपणे तेथे होऊ लागली आणि विद्यार्थी तेथे शिकू लागले. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, चाळींच्या जागी मनोरे आले. त्या वॉर्डांतून शिकून गेलेले डॉक्टर मात्र साऱ्या महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर पसरले. तुमच्या माझ्या घरातली पुष्कळ बाळंतपणे त्यांच्या किंवा त्यांच्यासारख्यांच्या हातून झाली. नीटनेटक्या नर्सिंग होममध्ये आपण बिल भरले, पेढे वाटले, डॉक्टरांना साडी किंवा श्रीफळ दिले. त्यांचा हात फार हलका, असेही म्हणालो. तो हात हलका कोणी केला?

मोठ्या इस्पितळात आठ दिवस राहण्याचा योग मला माझ्या भाचीमुळे आला. इस्पितळाचे नाव सांगण्याची जरूर नाही. तिला आठवा महिना सरता सरता रक्तदाब चढला. जवळच्या खाजगी दवाखान्याने दोन दिवस ठेवून घेतले आणि तिसऱ्या दिवशी, केस अवघड आहे, मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणून चिठ्ठी दिली. (हेही ध्यानात ठेवण्यासारखे. जे दुसरे कोणी घेत नाही ते या इस्पितळांना घ्यावे लागते. नकार देण्याची चैन त्यांना नाही.) तेथे तिला बारा नंबरची खाट मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आठ-नऊ मुलामुलींचा घोळका घेऊन आले. त्यांनी चादर बाजूला सारली आणि बोलायला सुरुवात केली. बोलणे इंग्रजीत चालले होते. मग एकेकाने पुढे होऊन पोटाला हात लावून पाहायचे, बाळाचे डोके कोठे आहे ते सांगायचे. चुकले की डॉक्टर म्हणत, “नेक्स्ट.” माझी भाची छताकडे पाहत होती. दहा मिनिटांनी घोळका अकरा नंबरकडे गेला. चादर मी ओढली.

मी संतापले होते. ती मात्र काही वेळाने म्हणाली, “मावशी, ती चष्म्याची पोर होती ना शेवटची, तिचा हात बर्फासारखा गार होता गं. माझ्यापेक्षा तीच घाबरलेली. मीच तिला हळूच म्हटलं, कर बाई, दुखत नाही मला.”

“तू कशाला म्हणायचंस?”

“मग काय करू? शिकायचंय तिला. कुणावर तरी शिकणारच. मला राग आला तो वेगळाच. चादर काढताना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं का?”

“नको म्हणणार नव्हतीस, मग विचारून काय होणार होतं?”

यावर ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, “नको म्हटलं असतं तरी चाललं असतं, एवढं मला वाटायला हवं होतं.”

नीतिशास्त्रावरचे जे काही थोडेफार मी वाचले आहे, त्यात संमतीची याहून सरळ व्याख्या मला आढळलेली नाही. आता इस्पितळांत संमतिपत्रे असतात, त्यांवर सह्या होतात, अंगठे उमटतात. पण कळा येत असलेल्या, नवरा बाहेर ताटकळत असलेल्या, दुसरीकडे जायला पैसे नसलेल्या बाईचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. ती शरणचिठ्ठी झाली. जिला नाही म्हणता येत नाही तिच्या होकाराला किंमत किती? आणि नाही म्हटल्यावर उपचारात तिळभर फरक पडणार नाही, हा विश्वास कागदाने येत नाही. तो चादरीला हात घालण्यापूर्वीच्या दोन शब्दांनी येतो.

याच्या विरुद्ध नेहमी दोन युक्तिवाद केले जातात. एक असा की, उपचार फुकट मिळतात, तेव्हा एवढे सोसायला काय हरकत आहे? हा व्हिएन्नाचाच सौदा. यात हिशेबाची चूक आहे. त्या बाईला जे फुकट मिळते ते सरकारकडून, नगरपालिकेकडून, कोणा दानशूराकडून मिळते, आणि ती स्वतः जे देते ते जाते विद्यार्थ्याला, आणि त्याच्या हातून पुढल्या तीस-चाळीस वर्षांत हजारो अनोळखी घरांना. देणारा एक, घेणारा दुसरा. मग फेड झाली असे कोणत्या वहीत लिहायचे?

दुसरा युक्तिवाद बहुजनहिताचा. एकीला थोडा संकोच झाला, हजारो वाचल्या. हे खरे आहे, आणि खरे आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते. कारण हा हिशेब मांडणारा नेहमी त्या हजारांत असतो, एकीत कधीच नसतो. माझ्या सुनेचे बाळंतपण असेल तर मी म्हणणार, अनुभवी हात पाहिजेत. तुम्हीही म्हणाल. प्रत्येकाने तसे म्हटले तर पुढच्या पिढीत अनुभवी हात उरणारच नाहीत. जी मागणी प्रत्येकाला करावीशी वाटते पण सर्वांची मिळून पुरवताच येत नाही, ती कोणाच्या तरी बळावर पुरवली जात असली पाहिजे. कांटला हे सांगायला फार पाने लागली असती. आपल्याला बारा नंबरची खाट पुरे. न्याय्य वाट एकच सुचते: हा भार चिठ्ठ्या टाकून वाटावा. मंत्र्याच्या मुलीभोवतीही आठ विद्यार्थी उभे राहावेत, गिरणीमालकाच्या नातवाच्या छातीलाही सहा नळ्या लागाव्यात. ही सूचना मी एकदा चारचौघांत करून पाहिली. सर्वांना ती तत्त्वतः मान्य होती.

मात्र त्या वॉर्डांकडे केवळ दुःखाची जागा म्हणून पाहिले तर ते अर्धेच पाहणे होईल. शिकणारा माणूस प्रश्न विचारतो, आणि शिकलेला विचारीत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्हर्जिनिया ॲपगार या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. सांगतात की, एका सकाळी न्याहारीच्या वेळी एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, नुकत्याच जन्मलेल्या बाळाची स्थिती कशी पारखावी? सोपे आहे, असे म्हणून त्यांनी जवळच्या कागदावर पाच गोष्टी लिहिल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावरची प्रतिक्रिया, त्वचेचा रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. १९५३ साली ही पद्धत छापून आली आणि जगभर गेली. त्यापूर्वी निळसर, निपचित जन्मलेले बाळ पुष्कळदा बाजूला ठेवले जाई. आईकडे आधी पाहत. आता जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला कोणीतरी त्याच्याकडे पाहून गुण मांडू लागले, आणि तीन गुण मिळालेल्या बाळाला हात लावल्याशिवाय राहणे अवघड झाले. परीक्षेत नापास झालेल्याकडे आधी धावायचे, अशी ही जगातली बहुधा एकमेव परीक्षा असेल.

दारिद्र्यालाही कधीकधी सुचते. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात माताबालकांचे एक इस्पितळ होते. राष्ट्रीय विद्यापीठाचे विद्यार्थी तेथे शिकत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायला काचेच्या पेट्या पुरत नसत. १९७८ साली एडगर रे या डॉक्टरांनी ही बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. ऊब आईची, दूध आईचे. पेटी नव्हती म्हणून काढलेली ही तोड पेटीच्या तोडीची, कित्येक बाबतींत सरस ठरली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मताच असे आईजवळ घ्यावे. आज श्रीमंतांच्या इस्पितळांत याच गोष्टीसाठी खास खुर्च्या असतात. त्या खुर्चीवर बसणारीला बोगोटाच्या बाईचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही.

या बायकांना गुरू म्हणावे, असे मला वाटू लागले होते. ऋषिऋण मानणाऱ्या आपल्या समाजाला ते रुचेलही. पण मग मी सावध झाले. कोणाला गुरू म्हणून पाया पडणे ही पैसे बुडवण्याची आपली फार जुनी रीत आहे. हल्ली वैद्यकीय महाविद्यालयांत शरीरशास्त्र शिकण्यापूर्वी विद्यार्थी देहदान केलेल्या मृताला वंदन करतात, हा आमचा पहिला शिक्षक असे म्हणून शपथ घेतात. फार चांगली प्रथा आहे. फक्त मनात येते, मृताला फुले मिळतात आणि जिवंत बाईला नंबर. तिला फुले नकोतच. तिचे नाव विचारा, चादरीला हात घालण्यापूर्वी परवानगी विचारा, पडदा ओढा, आणि तपासून झाल्यावर काय आढळले ते तिला तिच्या भाषेत सांगा. इतकी दक्षिणा एका विद्यार्थ्याला न परवडण्याजोगी नाही.

भाचीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले, दीड किलोचे. ते जगले, आता शाळेत जाते आणि डबा अर्धा परत आणते. पहिले चार दिवस भाचीला दूध नव्हते. तेव्हा त्या बाळाला दुसऱ्या आयांचे दूध मिळाले. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. पुढे अशा पेढ्या आणखी ठिकाणी निघाल्या. ज्यांना जास्त दूध येते त्या बाया ते देतात. ते तपासून, तापवून, गोठवून ठेवतात आणि ज्या बाळांना आईचे मिळत नाही त्यांना घोट घोट पाजतात. कोणाचे दूध कोणाच्या मुखी गेले हे देणारीला कळत नाही. घेणाऱ्यालाही नाही.

माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली. पहिल्या दिवशी तिने सिस्टरला विचारले, “हे कुणाचं दूध, बाई?”

सिस्टरचे हात कामात होते. ती म्हणाली, “आजी, ते आम्हालाही माहीत नसतं.”

पाचव्या दिवशी भाचीला दूध आले, आणि बाळाला लागते त्याहून पुष्कळ आले. सातव्या दिवशी संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा ती खाटेवर नव्हती. बहिणीला विचारले, कोठे गेली? बहीण टोपडे विणीत होती, मान वर न करता म्हणाली, “दूध द्यायला.”